कानामागचा कौल

आमच्या वाडीत सत्तरीचा एक माणूस उजव्या कानामागे काळा ठिपका लावून फिरतो. तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून आई तीट लावते ना, तसाच, वालाच्या दाण्याएवढा. ह्याला कोणाची दृष्ट लागणार? तोंड फणसासारखे खडबडीत. पुढच्या दोन दातांचे एकमेकांशी पटत नाही. आणि चालतो तेव्हा पाय असे फाकवून चालतो की खालची जमीन हलते आहे असे बघणाऱ्याला वाटावे.

हा तातू. माझा शेजारी. मालवण-कणकवली गाडीवर कंडक्टर होता. सगळी उमर हलत्या गाडीत उभा राहिला, म्हणून घरी बसून बारा वर्षे झाली तरी त्याचे पाय अजून ड्यूटीवर आहेत. तोंडसुद्धा. लग्नाच्या पंगतीत बसला की शेजारच्याला म्हणणार, "फुडे सरका, फुडे जागा आसा." कोणाच्या घरातून निघताना दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवणार. टक टक. म्हणजे डबल बेल, गाडी सुटली. एकदाच वाजवले तर सिंगल. म्हणजे थांबा. 'येतो', 'जातो' असे माणसासारखे बोलणे त्याला ठाऊक नाही.

तर तो ठिपका. कित्येक वर्षे तो केस काळे करायच्या रंगाचा असायचा, आणि तातू त्याला कौल म्हणायचा. कौल का, ते कळायला आधी त्याचे डोके कळले पाहिजे.

तातूचे डोके आतून चिऱ्यासारखे घट्ट. मी जन्मभर चिरेखाणीत काम केले, मला चिऱ्यातले कळते. पण वरची कातडी मात्र तान्ह्या पोराच्या टाळूची. नवा टॉवेल लागला की पुरळ. साबण लागला की खाज. शाम्पूच्या पुडीवरचे चित्र बघूनच भावजी खाजवूक लागतत, असे माझी बायको म्हणायची. आणि असल्या डोक्यावर देवाने पंचविसाव्या वर्षी पांढरे केस उगवले. मुलगी बघायला गेला तर मुलीच्या बापाने ह्याला पाणी दिले आणि विचारले, "नवरो मागसून येता काय?" तातू पोहे खाऊन परत आला. तीन ठिकाणी असेच झाले तेव्हा त्याने रंग आणला. त्या पहिल्या रंगाने डोके असे सुजले की चौथी मुलगी बघायला जायचे राहिले. ते राहिलेच.

लग्न गेले, पण रंगवायचा नाद राहिला. चतुर्थी आली, रंग. जत्रा आली, रंग. शिमगा आला, रंग. माझी बायको विचारायची, "भावजी, आता खंयच्या चेडवाक दाखवूचे आसत हे काळे केस?"

"वयनी, पॅसेंजर खंयच्या स्टॉपार चढतलो, कोण सांगात?"

त्याने काय काय करून बघितले त्याला गणती नाही. मेंदी लावली तर कोंबड्यासारखा लाल झाला, आणि गावातल्या कोंबड्या त्याला बघून थांबत. चहाची पावडर उकळून लावली तर मुंग्या लागल्या, कारण हा शहाणा साखर घातलेला चहा वापरत होता. एका वर्षी कोणाचे तरी ऐकून त्याने नारळाची करवंटी जाळली, तिची काजळी खोबरेल तेलात खलली आणि डोक्यावर थापली. खाज नाही, पुरळ नाही. दोन दिवस वाडीभर मिरवला. तिसऱ्या दिवशी आमच्या पडवीत भिंतीला डोके टेकून गप्पा मारत बसला. उठला, तर भिंतीवर ह्याच्या डोक्याएवढा काळा गोल. आदल्या आठवड्यात माझ्या बायकोने चुना काढलेली भिंत.

"शिरा पडली तुमच्या त्या रंगार! माझी भिंत!"

"वयनी, माझो फोटो समजा."

तो डाग अजून आहे. कितीही चुना काढा, महिन्याभराने तातू परत वर येतो. त्याच वर्षी चतुर्थीच्या आरतीला घामाने ती काजळी वितळली आणि दोन काळे ओघळ कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीत उतरले. हा डोळे मिटून टाळ कुटतोय. पोरे गणपती सोडून ह्याच्याकडे बघत राहिली.

शेवटी कणकवलीच्या एका डॉक्टरने त्याला ताकीद दिली. म्हणाला, रंग सोडा. नाहीच सोडवत तर लावण्याआधी कानामागे ठिपका लावायचा आणि दोन दिवस तिथे पाणी घालायचे नाही. लाल झाले, खाजले, तर पुडी फेकून द्यायची. आणि हे दर वेळी करायचे. मागच्या खेपेला चालला म्हणून ह्या खेपेला चालेल असे नाही.

तातूला हे एकदम पटले. "म्हणजे कौल लावल्यासारख्याच ना?" डॉक्टर घाटावरचा असावा. त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

आमच्याकडे देवळात कौल लावतात. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला कळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर हो. डावीकडची पडली तर नको. लग्न, विहीर, कोर्ट, सगळे लोक असे विचारतात. तातू केस विचारायला लागला.

पण स्वतःच्या कानामागचे स्वतःला दिसत नाही, आणि त्याच्या घरात दुसरे माणूस नाही. म्हणून ठिपका लावल्यापासून तिसऱ्या दिवशी, सकाळी पेजेच्या वेळी, तातू आमच्या दारात. माझी बायको पदराला हात पुसायची, चष्मा लावायची, त्याला उजेडाकडे तोंड करून पायरीवर उभा करायची आणि बकऱ्याचा पिळावा तसा त्याचा कान पुढे दुमडून बघत राहायची. मला वाटते ती मुद्दाम वेळ लावायची. बोलायची नाही. चौकटीवर वाजवायची. त्यानेच तिला शिकवले होते. स्वच्छ असले की टक टक. लाल असले की एकच टक.

मग पेज. उकड्या तांदळाची, बरोबर भाजलेला सुका बांगडा नाही तर खारातली मिरची. कौल हो म्हणो की नको म्हणो, पेज ठरलेली.

"डोक्या हेचा आणि तांदूळ माझो," मी म्हणायचो.

"तुमचो तांदूळ तुमच्या पोटात आसा," ती म्हणायची. "गप जेवा."

एकदा मात्र मोठा घोळ झाला. उजवा कान मागच्या खेपेच्या पुरळाने सोलवटला होता म्हणून ह्याने ठिपका डाव्या कानामागे लावला. तिसऱ्या दिवशी बायकोने बघितले आणि एकदाच वाजवले. "लाल झालाहा, भावजी. फेकून देवा ती पुडी."

तातू पेजेचा वाडगा तोंडाला लावून बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "वयनी, पण ह्यो डावो कान."

"मगे?"

"देवळात डाव्या बाजूचा सगळा उलटा. डावो 'नको' म्हणता, म्हणजे तो 'होय'च म्हणता."

"भावजी, तो कान आसा. देव न्हय."

"डबल," तातू म्हणाला, चौकटीवर दोनदा वाजवले आणि घरी जाऊन त्याने डोकेभर रंग लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत कोणीतरी चाचपडत असल्याचा आवाज आला. बाहेर बघतो तर भोपळ्याएवढे डोके, डोळ्यांच्या जागी दोन चिरा, आणि श्वास फाटक्या भात्यासारखा. मी ओळखलाच नाही. त्याने हाताने चौकट शोधली आणि एकदा वाजवले. टक.

बायकोने माझ्या आधी ओळखला. रिक्षा करून कणकवलीला नेला. डॉक्टर म्हणाला, अजून तासभर घरी बसला असतात तर उठला नसतात. चार दिवस बायको त्याच्याबरोबर. थंड पाण्याची फडकी, चमच्याने पेज. मला टायफॉइड झाला होता तेव्हा माझे एवढे झाले नव्हते. तसे मी तिला बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "तुमका मी आसंय. तेका कोण आसा?"

सूज उतरली तसा तिने त्याला नारळ घेऊन रवळनाथाच्या देवळात उभा केला. गुरवाने गाऱ्हाणे घातले. मागे आम्ही चार म्हातारे, 'व्हय म्हाराजा' म्हणायला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तातू तुझ्या पायाकडे नारळ ठेवन सांगणा करता..."

"व्हय म्हाराजा!"

"वयनीन बघितल्याबगर ह्यो डोक्याक रंग लावचो नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि डाव्या कानाचा ह्यो ऐकाचो नाय..."

इथे आम्हाला हसू आवरेना. गुरवाचाच आवाज हलायला लागला. बायकोने मागे वळून असे बघितले की चौघेही एका दमात ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

पुढे कितीतरी वर्षे हे असेच चालले. ठिपका, पायरी, टक टक, पेज.

गेल्या वैशाखात माझी बायको गेली.

सकाळी चुलीवर पेज ठेवली, छातीत कळ आली म्हणाली आणि खाली बसली. गाडी केली. मी मागे, तिचे डोके मांडीवर घेऊन. तातू पुढे ड्रायव्हरच्या बाजूला. खिडकीतून हात बाहेर काढून तो सगळ्या वाटेने दाराच्या पत्र्यावर वाजवत होता. टक टक. टक टक. ड्रायव्हर कावला. "काका, पळवतंय मा गाडी!" हा ऐकेना. कणकवलीच्या अलीकडे तिचा हात सैल पडला. तातूने मागे वळून बघितले आणि हात आत घेतला.

दिवसकार्य झाले. मुलगी महिनाभर राहिली, मग तिला तिचे घर आहे. ती गेली त्या दिवसापासून मी चूल पेटवली नाही. कोणाला सांगितले नाही. उपास नव्हे, रागही नव्हे. कोणासाठी पेटवायची ते समजेना. बिस्किटे खायची, पाणी प्यायचे, आणि भिंतीवरच्या त्या काळ्या गोलासमोर बसायचे. मला वाटायचे, असे किती दिवस चालते ते बघू. एक दिवस थांबेल आपोआप.

तिसऱ्या सकाळी तातू दारात. उजव्या कानामागे ठिपका.

"बाबी, कौल बघ."

माझे डोके फिरले. "मेल्या, माझी बायको मेली आणि तुका केस सुचतत? उतर पायरीवरना."

तो उतरला. तिसऱ्या दिवशी परत. परत मी हाकलला. त्याच्या पुढच्या खेपेला, कटकट एकदाची जाऊ दे म्हणून मी त्याचा कान धरला आणि बघितले.

"काय नाय. जा."

"तसा नाय. वाजव."

मी चौकटीवर दोनदा वाजवले. बायको गेल्यापासून त्या घरात मी केलेला तो पहिला आवाज असेल.

"आता पेज," तातू म्हणाला.

"पेज नाय."

"नाय कशी? कौल झालो की पेज. रीत आसा."

"रीत तिची होती."

"मगे तू मोड," तो म्हणाला. "मी मोडूचंय नाय." आणि आपल्या जागेवर मांडी घालून बसला.

दहा वाजले, अकरा वाजले, हा उठेना. शेवटी शिव्या घालत मी चूल पेटवली. पेज खाली लागली, मीठ दुप्पट पडले. तातूने एक घोट घेतला आणि म्हणाला, "वयनी आसती तर म्हशीक घातली आसती." मग दुसरा वाडगा मागितला. एवढी ढवळलीच आहे तर म्हणून मीही वाडगाभर घेतली.

तेव्हापासून हा नेमच झाला. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी कान घेऊन हजर. मी विचारायचो, "इतके कौल कित्याक? डोक्यार केस आसत काय काजूची बाग?"

"पुडी बदललीहा. नवीन आसा."

पुढच्या खेपेला, "कंपनी बदललीहा." त्याच्या पुढच्या खेपेला, "मागच्या कौलाक तुझो चष्मो पुसलेलो नव्हतो." मी वैतागून कान दुमडायचो, दोनदा वाजवायचो. मग पेज. मग त्याच्या गाडीतल्या गोष्टी, त्याच त्या. तोंडवलीची एक बाई कोंबडा घेऊन चढायची आणि कोंबड्याला खिडकीची जागा मागायची, ही गोष्ट मी ह्या वर्षात तीसेक वेळा ऐकली असेन. पावसाळा गेला. चतुर्थी गेली, आम्ही मखर केले नाही. जत्रा गेली. माझी पेज मात्र हळूहळू पेजेसारखी व्हायला लागली. मीठ कधी कमी, कधी जास्त. तातू प्रत्येक वेळी नाव ठेवायचा आणि प्रत्येक वेळी वाडगा पुसून खायचा.

गेल्या आठवड्यात तिचे वर्षश्राद्ध झाले. मुलगी आली, गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ धूत होतो तेवढ्यात दारात आवाज. "बाबी, कौल."

तसाच उठलो. हात पुसायचे राहिले. त्याला पायरीवर उभा केला, कान पुढे दुमडला, तर ओल्या अंगठ्याखाली तो ठिपका पसरला.

दोन दिवसांचा रंग असा जात नाही. एवढे एवढ्या वर्षांत मलाही कळते. अंगठा बघितला तर काळा, तेलकट. नाकाशी नेला. खोबरेल तेल, आणि जळलेली करवंटी.

मी भिंतीवरच्या डागाकडे बघितले. मग परत तातूकडे बघितले, ह्या वेळी कानाच्या वर. केस पांढरे. नुसते मुळाशी नव्हेत, टोकापर्यंत. कापसासारखे, कानावर आलेले. एवढे पांढरे व्हायला महिनेच्या महिने गेले असतील. वर्षभर मी ह्या माणसाचा कान हातात धरून उभा राहात होतो आणि त्याचे डोके मला दिसले नव्हते. तिला पहिल्या दिवशी दिसले असते.

वयनीन बघितल्याबगर ह्यो डोक्याक रंग लावचो नाय. व्हय म्हाराजा, असे मीच ओरडलो होतो की मागून.

तातू पाठमोरा उभा. "काय रे बाबी," तो म्हणाला, "किती बघतंस? सिंगल काय डबल?" आवाज नेहमीचा, पण खांदे आवळलेले. मी कान सोडला नव्हता, आणि तो कान गरम झाला होता.

तोंडावर बोलणारा माणूस मी. सगळे सांगून टाकणे माझ्या जिभेवर आले होते. पण सांगितले असते तर परवा हा कुठल्या तोंडाने आला असता? तो त्याच्या घरात भिंतीला टेकून बसला असता, मी माझ्या. आणि तांदूळ कोणासाठी धुवायचे हे मला परत समजले नसते.

मी चौकटीवर वाजवले. एकदाच. टक.

तातू वळला. "लाल झाला?"

काजळीने कातडी लाल होत नाही, हे मला ठाऊक आणि त्याला माझ्याहून ठाऊक. त्याने माझ्या अंगठ्याकडे बघितले. मी अंगठा पंच्याला पुसला.

"लाल झाला," मी म्हणालो. "घाई करू नको. परवा परत लाव, बघूया."

"परवा?"

"परवा. आणि मगे तेरवा. कातडी नाजूक तुझी."

तो म्हणाला, "बरा. उजव्याच कानार लावतंय." आणि पाय फाकवत पडवीत चढला, आपल्या जागेवर बसला, आणि भिंतीवरच्या त्या काळ्या गोलात पांढरे डोके टेकवून पेजेची वाट बघू लागला.